कोणती मिश्री?

आठवड्यातून एकदा मनकर्णाबाईंच्या तव्यावर तंबाखू भाजायला लागली, की बजाजनगरातल्या त्या गल्लीतली निम्मी माणसं खोकत घराबाहेर यायची आणि निम्म्या बायका रिकामी डबी घेऊन मनकर्णाबाईंच्या घरात शिरायच्या. मिश्री करावी तर मनकर्णाबाईंनीच, यावर गल्लीचं एकमत होतं. नळाच्या पाण्यावरून त्या गल्लीचं कधी एकमत झालेलं कुणी पाहिलं नाही, पण मिश्रीवर होतं. पान काळं होईस्तोवर भाजायचं, पण त्याची राख होऊ द्यायची नाही. मग खलबत्त्यात कुटायचं आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचं. ती काळीभोर पूड सकाळी उठल्याउठल्या बोटावर घेऊन दातांना घासायची, थोडी हिरडीशी धरायची, मोरीत थुंकायचं आणि मग जगाशी बोलायला सुरुवात करायची. त्याआधी मनकर्णाबाईंशी बोलायची त्यांचे मालक काकासाहेब यांचीसुद्धा छाती नव्हती.

तशा त्या शेंद्र्याकडच्या. शेत तिकडंच, आणि काकासाहेबही बहुतेक तिकडंच. मुलगा सुदर्शन वाळूजच्या कंपनीत लागला, त्याचे जेवणाचे हाल नकोत म्हणून मनकर्णाबाई बजाजनगरात आल्या. पुढे मोनिका सून म्हणून घरात आली, तरी त्या राहिल्याच. सुनेला स्वयंपाक येत नव्हता असं नाही. पण ‘तिच्या भाकरीला पापुद्रा येत नाय’ एवढं कारण मनकर्णाबाईंना पुरेसं होतं.

मिश्रीची सवय त्यांना त्यांच्या सासूनं लावली होती. पहिल्या खेपेला उलट्यांनी जीव नकोसा झाला तेव्हा सासूनं हातावर चिमूट ठेवली आणि म्हणाली, घास, बरं वाटंल. वाटलंही. ती पहिली मुलगी झाली ती एवढीशी, वाळल्या शेंगेसारखी. रडायची तेही दमून. पाचवी पुजली, पण बारशापर्यंत ती राहिली नाही. सटवाईनं एवढंच लिहिलं होतं, असं सगळे म्हणाले, मनकर्णाबाईही तसंच म्हणाल्या, आणि पुढं बऱ्याच वर्षांनी सुदर्शन झाला. तोही किडमिडाच. पण चिवट निघाला.

मोनिकाला दिवस गेले तेव्हा घरात पहिली क्रांती सुदर्शननं केली. त्यानं सिगारेट सोडली. पाकीट आईच्या देखत कचऱ्यात टाकलं, मोनिकानं कौतुकानं शिरा केला. आठ दिवसही झाले नसतील, त्याच्या खिशात इ-सिगारेटची एक चकचकीत नळी दिसायला लागली. कंपनीतल्या कुणीतरी दिली होती, बंदी असल्यानं चोरूनच. ती ओढली की तोंडातून ढग निघायचे आणि घरात आंब्याचा वास पसरायचा.

“हे काय रं?” मनकर्णाबाईंनी विचारलं.

“आई, हा धूर नाय. वाफ हाय वाफ. सर्दी झाल्यावर तू घेती ना, तसली.”

“सर्दीची वाफ खिशात घालून कोन हिंडतं रं मुडद्या? गरवार बाई हाय घरात. ऊठ, गच्चीवर जा!”

एवढं बोलायला त्यांना मध्ये एकदा उठून मोरीत थुंकून यावं लागलं, कारण तोंडात मिश्री होती. स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही म्हणतात, इथं तर ते दातावर होतं. पण हे त्या घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही. सुदर्शन मुकाट्यानं गच्चीवर गेला आणि तिथं आंब्याचे ढग सोडत बसला.

इकडं मोनिकाच्या उलट्या थांबेनात. चहाचा वास नको, फोडणीचा नको, सुदर्शनच्या साबणाचासुद्धा नको. मनकर्णाबाईंना ते बघवेना. सून आवडती होती, भाकरीचं सोडून द्या. एका सकाळी त्यांनी डबी उघडली आणि तिच्या डाव्या तळहातावर चिमूट ठेवली.

मोनिका बारावी शिकलेली होती, वाळूजला पॅकिंगमध्ये काम केलेली होती. ती हात मागे घेत म्हणाली, “आत्या, ही तंबाखूच हाय की.”

“तंबाखू खातेत,” मनकर्णाबाई समजावत म्हणाल्या. “ही लावतेत. दाताला. खान्यात अन् लावन्यात फरक हाय का नाय? पावडर तोंडाला लावली म्हनून कुनी पावडर खाल्ली म्हनतं का?”

या युक्तिवादापुढं बारावी काय करणार? मोनिकानं नाक दाबून मिश्री लावली. पहिल्या दिवशी चक्कर आली. चौथ्या-पाचव्या दिवशी बरं वाटलं.

बजाजनगरातच बाळंतपणाच्या एका दवाखान्यात तिचं नाव घातलं होतं. तिथली डॉक्टर निहारिका उज्जैनकडची, लग्न होऊन इकडं आलेली. बाई लाघवी, हात हलका, आणि मराठी बोलायची हौस दांडगी. शब्द मात्र निम्मे हिंदीच असायचे. तपासून झाल्यावर तिनं नेहमीचे प्रश्न विचारले.

“तंबाखू, गुटखा, सिगरेट, काही खाते का मोनिका?”

“नाय बाई,” मनकर्णाबाईंनीच उत्तर दिलं. “आमच्यात बाया तसलं कायबी करत नायत.” यात त्या तसूभरही खोटं बोलत नव्हत्या. मोनिकानं जरा चुळबुळ केली, पण सासूपुढं बोलली नाही.

“उलटी कमी झाली का?”

“झाली की! सकाळी जराशी मिश्री देते मी तिला.”

डॉक्टरीणबाईंचा चेहरा एकदम फुलला. उज्जैनला त्यांची आई मळमळ झाली की बडीशेपेबरोबर हातावर मिश्री ठेवायची. तिकडं मिश्री म्हणजे खडीसाखर. पांढरी, गोड, देवापुढची.

“अरे वा, मिश्री! खूप चांगली. थंड असते ना. द्या, द्या. संध्याकाळी पण द्या थोडी.”

“तोंडात धरून ठेवायची ना?”

“हो हो, एकदम घाई नाही करायची. हळूहळू.”

मनकर्णाबाई दवाखान्यातून निघाल्या त्या हवेतच. आजवर मिश्रीला नावं ठेवणारे पुष्कळ भेटले होते, पण शिकलेल्या डॉक्टरणीनं मिश्री औषध म्हणून लिहून दिल्यासारखं सांगावं, हे भाग्य गल्लीत कुणाच्या वाट्याला आलं होतं? तळमजल्यावरच्या वच्छलाबाई डबी घेऊन आल्या तेव्हा त्यांना ही बातमी तिखटमीठ लावून सांगितली गेली.

“डॉक्टर म्हनली? मिश्री द्या म्हनून?”

“दोन टाइम! वर म्हनली थंड असते.”

“मंग बाई मला जरा जास्तच दे,” वच्छलाबाई म्हणाल्या.

अशी दोन वेळची मिश्री सुरू झाली. मोनिकाचंही नाक आता दाबलं जात नव्हतं. उशीर झाला की डोकं जड व्हायचं, आणि मग ती स्वतःच म्हणायची, “आत्या, डबी कुठं हाय?” मनकर्णाबाईंना वाटायचं, पोर वळणावर आली. पुढं तिला स्वतःची छोटी डबीच दिली, पर्समध्ये मावेल अशी.

पोट वाढत होतं, पण वाढायला हवं तेवढं नाही. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, पहिलटकरणीचं दिसत नाही. सातवा महिना लागला आणि सोनोग्राफी बघताना डॉक्टरीणबाईंनी तेच माप पुन्हा पुन्हा घेतलं. मग सगळ्यांना आत बोलावलं. सुदर्शनही त्या दिवशी सुट्टी टाकून आला होता.

“बाळ छोटं आहे,” त्या म्हणाल्या. “वाढ पाहिजे तेवढी नाही. असंच राहिलं तर वेळेआधी काढावं लागेल, आणि एवढ्या छोट्या बाळाला त्रास होतो. श्वासाचा, दूध ओढायचा. मोनिका, जेवण होते ना?”

जेवणात खोट नव्हती. दूध होतं, शेंगदाण्याचे लाडू होते, काकासाहेब दर आठवड्याला गावाकडून भाजी आणून टाकत होते.

“घरात कोणी धूर करतो?”

सुदर्शननं मान खाली घालून खिशातली नळी काढली आणि टेबलावर ठेवली. “धूर नाय म्याडम, वाफ...” एवढं म्हणून तो थांबला.

“वाफ नाव आहे फक्त. यात निकोटिन असतो. तंबाखूत असतो तोच. मोनिकाजवळ बसून ओढता?”

“ओढतोय तर! गच्चीवर धाडला तरी पाठ फिरली की पुन्हा घरात!” मनकर्णाबाईंना आता आवरेना. “मी कवाची सांगतेय म्याडम. लेकराच्या जीवावर उठलाय ह्यो! मी हिकडं तुमच्या सांगन्यापरमानं दोन टाइम मिश्री देते, अन् ह्यो तिकडं ढग सोडतोय. मिश्रीचा गुन कसा यावा?”

“रोज दोन टाइम?” डॉक्टरीणबाईंनी भुवया उंचावल्या. “एवढी नको, आजी. शुगर वाढेल.”

“मिश्रीनं शुगर कशी वाढंल?”

“गोड असते ना.”

“गोड?” मनकर्णाबाई सुनेकडं बघायला लागल्या, सून सासूकडं. “म्याडम, मिश्री कुठं गोड असती?”

 मोनिकानं पर्स उघडली, छोटी डबी काढली आणि त्या नळीच्या शेजारी टेबलावर ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी झाकण काढून हुंगलं आणि त्यांना ठसका लागला. ठसका थांबल्यावर त्या डबीकडं बघतच राहिल्या. बाई रागीट असती तर बरं झालं असतं, कारण मग भांडण तरी झालं असतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“कोणती मिश्री,” त्या हळूच म्हणाल्या, “ते मी विचारलंच नाही.”

मग त्यांनी आपल्या मोडक्या मराठीत सगळं सांगितलं. तंबाखू ओढा, खा, नाहीतर दाताला लावा, ती हिरडीतूनसुद्धा रक्तात जाते. आईचं रक्त बाळाकडं नेणाऱ्या नसा त्यानं आखडतात. बाळाच्या तोंडाशी जाणारा घासच कमी होतो म्हणा. घरात कितीही लाडू केले तरी त्याच्यापर्यंत पुरेसे पोचत नाहीत.

“आता सोडली तर?” मोनिकानं विचारलं.

“आता सोडली तर आजपासून फायदा.”

बाहेर आल्यावर मनकर्णाबाईंनी मुलाला रिक्षा बघायला पाठवलं, सुनेला बाकावर बसवलं आणि पिशवी राहिली म्हणून पुन्हा आत गेल्या. पिशवी त्यांच्या काखेतच होती.

“म्याडम, माझी एक पोर गेली. लई वर्सं झाली. पैलीच. एवढुशी हुती. तवा मी...” त्यांनी दाताला बोट लावून दाखवलं.

डॉक्टरीणबाई उठून त्यांच्याजवळ आल्या. “आजी, ते आता कोणी नाही सांगू शकत.”

“मंग नाय म्हना ना. मिश्रीनं नाय गेली म्हना.”

“तसं पण नाही म्हणू शकत मी.”

मनकर्णाबाईंनी मान हलवली आणि पिशवी सावरत बाहेर आल्या. रिक्षात त्या बाहेर तोंड करून बसल्या. सुदर्शनला वाटलं आई आपल्यावर चिडली आहे, आणि तो आपला रस्ताभर माफी मागत राहिला.

घरी आल्याआल्या त्यांनी मोनिकाची डबी मोरीत उपडी केली. स्वतःची मात्र केली नाही. खोटं कशाला बोला, त्यांचा हातच झाला नाही. पोटुशी ती, आपण थोड्याच आहोत, असा हिशोब करून त्यांनी आपली डबी वच्छलाबाईंकडं नेऊन ठेवली. रोज पहाटे दूध आणायला म्हणून जायच्या आणि वच्छलाबाईंच्या मोरीवर बसून घासून यायच्या. वर येताना तुळशीची दोन पानं चावायच्या.

मोनिकाचे दिवस फार वाईट चालले होते. डोकं ठणकायचं, भांडी आपटायची. सुदर्शनवर ती ओरडायची, आणि मग रडत त्याचीच माफी मागायची. एका सकाळी मनकर्णाबाई दूध घेऊन आल्या, चहा केला आणि सुनेच्या हातात कप दिला. मोनिकानं कप धरला नाही. तिनं सासूचा हात धरला आणि बोट नाकाशी नेलं.

“आत्या,” ती म्हणाली, “तुमच्या बोटाला वास येतोय. मला लई तलफ येती वो. उद्यापास्नं मला चहा नका देऊ तुमच्या हातानं.”

रागावून बोलली असती तर मनकर्णाबाईंनी दोन शब्द सुनावले असते. ती गयावया करत होती. आपल्या हातचा चहा सुनेला चालत नाही, हे असं ऐकायची वेळ येईल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. लाज वाटली. इतकी वाटली की कप तिथंच ठेवून त्या खाली गेल्या आणि वच्छलाबाईंकडून डबी परत आणून, सुनेसमोर, मोरीत उपडी केली.

पुढचे दिवस गल्लीनं कसे काढले ते गल्लीलाच ठाऊक. मनकर्णाबाईंचं पोट साफ होईना, डोकं जागेवर राहीना. दूधवाल्याला पाणी घालतो म्हणून झापलं, पाणी घातलं नव्हतं. काकासाहेब गावाकडून वांगी घेऊन आले, ती दारात ठेवली आणि बायकोचा चेहरा बघून आल्या पावली एस.टी. गाठली. डबी घेऊन येणाऱ्या बायकांना दारातूनच उत्तर मिळायचं, “भट्टी बंद!” वच्छलाबाई तर बोलायच्या थांबल्या. तवा चिंचेनं घासघासून त्यावर भाकरी टाकली, तर तिलाही तंबाखूचाच वास. मोनिका ती भाकरी बघून हसली, आणि बऱ्याच दिवसांनी दोघी पोट धरून हसल्या. तलफ आली की मनकर्णाबाई खडीसाखरेचा खडा तोंडात टाकायच्या आणि एक सुनेच्या हातावर ठेवायच्या. “घे. म्याडमची मिश्री.”

तिकडं दवाखान्यात निहारिका डॉक्टरांनी येणाऱ्या प्रत्येक बाईला नवा प्रश्न विचारायला सुरुवात केली होती. मिश्री? कोणती, पांढरी का काळी? बायका आधी हसायच्या. मग कितीतरी जणी खाली बघायच्या.

पुढच्या तपासणीत बाळ थोडं वाढलं होतं. थोडंच. आणि नववा महिना लागायच्या आतच एका दुपारी मोनिकाच्या पोटात दुखायला लागलं. सिझर करावं लागलं. मुलगी झाली. लहानखुरी, पण रडली मात्र खणखणीत. तिला काचेच्या उबदार पेटीत ठेवलं. मनकर्णाबाई काचेबाहेरून बघत उभ्या राहिल्या. वाळल्या शेंगेसारखे ते हात, ती सुरकुतलेली मान त्यांनी आधी पाहिलेली होती.

चार दिवसांनी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, श्वास चांगला आहे, पण वजन धरायला अंगाची ऊब पाहिजे. उघड्या छातीशी धरायचं, कातडीला कातडी लावून, तास न् तास. त्यानं बाळ सावरतं. हे आईनं करायचं, पण मोनिकाला ताप भरला होता. “घरातलं दुसरं कोणी चालेल. पण तंबाखू, सिगरेट, काही नाही पाहिजे. हाताला नाही, तोंडाला नाही, कपड्याला नाही.”

सुदर्शन पुढं झाला. शर्टाचं वरचं बटण काढता काढता त्याचा हात थांबला. ती नळी त्यानं सोनोग्राफीच्याच दिवशी फेकली होती, हे खरं. पण बायको ऑपरेशनच्या टेबलावर असताना जीव थाऱ्यावर नव्हता, तेव्हापासून बाहेरच्या चहाच्या टपरीवर पुन्हा सिगारेट सुरू झाली होती. त्या सकाळीही एक झाली होती. तो बटण परत लावायला लागला. त्याच्याकडं बघवत नव्हतं.

“मी धरते,” मनकर्णाबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडं निरखून पाहिलं. “आजी, मिश्री?”

“कोनती?” मनकर्णाबाईंनी विचारलं, आणि त्याही परिस्थितीत डॉक्टरीणबाईंना हसू फुटलं. “काळी सोडली म्याडम. पांढरी खाते.” त्यांनी उजव्या हाताचं बोट पुढं केलं. वर्षानुवर्षं मिश्रीत बुडालेलं ते बोट, त्याचा काळपटपणा गेला नव्हता, जाणारही नव्हता. डॉक्टरीणबाईंनी ते हातात घेऊन हुंगलं. वास साबणाचा होता.

पडदा ओढला. मनकर्णाबाईंना अंग पुसून, सैल गाऊन घालून खुर्चीत बसवलं. नर्सनं ती एवढीशी पोर त्यांच्या उघड्या छातीवर पालथी ठेवली आणि वरून कापड गुंडाळलं. सुरुवातीला ती वळवळली, कुरकुरली. मग गाल टेकवून गप्प झाली. तिचं काळीज टिकटिक करत होतं ते मनकर्णाबाईंना आपल्या कातडीवर कळत होतं. त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते येऊ दिलं. पहिलीला असं कधी धरलंच नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं, आणि धरलं असतं तरी त्या छातीला, त्या तोंडाला तंबाखूचाच वास होता.

नर्स म्हणाली, आजी, दमाल, थोडा वेळ मी घेते. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. बाहेर दुपारच्या पाळीच्या गाड्या हॉर्न वाजवत वाळूजकडं निघाल्या होत्या. मनकर्णाबाईंनी तोंड खाली केलं, नातीच्या टाळूला ओठ लावले आणि तिला एकटीलाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या, “बारशापतोर तरी थांब गं माय. नाव ठेवायचं हाय तुजं.”